मापाच्या स्की

म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमला येऊन जेमतेम चौदा महिने झाले होते, तेव्हा शुभदा टिपणीसचा उजवा गुडघा गेला.

जानेवारीतला शनिवार होता. तिच्या नवऱ्याच्या, क्षितिजच्या, ऑफिसातली मंडळी बायकामुलांसकट ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या एका डोंगरावर निघाली होती. त्यांच्यात टोबियास नावाचा एक सहा फुटी, मनाचा मोकळा गडी होता. शुभदाला भाड्याने स्की घ्यायला लागू नयेत म्हणून त्याने आपली जादाची जोडी गाडीवर बांधून आणली. बूट तेवढे तिने तिथल्या दुकानातून घेतले. टोबियासने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, स्कीवरची बूट धरून ठेवणारी कळ थोडी मागेपुढे सरकवली, बूट आत बसवून बघितला आणि म्हणाला, "पास्ट!" बसला एकदाचा.

स्की उभी केली तर शुभदाच्या डोक्यावर वीतभर वर जात होती. सगळ्यांनी हसत फोटो काढले. तीही हसली. भोसरीतली अकरा वर्षांची नोकरी सोडून ती इथे आली होती. जर्मनचे वर्ग, लेक अन्वीची शाळा आणि घर एवढ्यातच तिचे महिने गेले होते. त्यामुळे कुणी आपण होऊन तिला सामावून घेतलं, याचंच तिला फार बरं वाटलं होतं.

रात्री थंडी कडक पडली होती. सकाळचा उतार फरशीसारखा टणक आणि चकचकीत झाला होता. लिफ्टच्या कडेला जिथे लहान मुलं शिकतात, तिथेच ती उभी होती. टोबियासने हळूच सोडलं. त्या लांबलचक, ताठ स्की ज्या सरळ सुटल्या त्या सुटल्याच. वळवायला गेली तर वळेनात. ती घाबरून डावीकडे पडली. अंग वळलं, पाय मात्र स्कीला धरून तिथेच राहिला. गुडघ्यात काहीतरी तटकन तुटल्याचं तिला ऐकू आलं. दुखायला लागलं ते त्यानंतर.

मग घसरगाडीवर बांधून खाली आणणं, हॉस्पिटल, आतल्या बाजूचं लिगामेंट फाटल्याचं निदान, पट्टा आणि सहा आठवडे कुबड्या. टोबियास फुलं आणि केक घेऊन आला आणि लाल चेहऱ्याने कोपऱ्यात बसून राहिला. क्षितिज एवढंच म्हणाला, "आता परत नाही हं, शुभदा." चिंचवडहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "कशाला गेलीस गं नको तिथे? आपल्याला झेपतात का असले चाळे?"

"नाही जाणार, अहो आई," शुभदा म्हणाली.

पण पलंगावर पडल्यापडल्या तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. भोसरीला ती स्प्रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होती. ठरलेल्या भाराला दबली नाही किंवा सुटली नाही, तर ती स्प्रिंग नापास. मग तिच्याबरोबरच्या पाचशे असोत नाहीतर पाच हजार. ओळखीचा सप्लायर असो, वरून साहेबाचा फोन येवो, शुभदाचा लाल शिक्का पडला की पडला. माणूस पडला की बूट सुटावा म्हणून तर ती कळ असते. मग सुटली का नाही? ती कशाला गेली, हे सगळ्यांनी विचारलं. कळ का उघडली नाही, हे कुणीच विचारलं नाही.

एप्रिलमध्ये ती पट्टा लावून धड चालायला लागली. एके दिवशी टोबियासकडून त्याच जोडीतली एक स्की मागवून घेतली, खांद्यावर टाकली आणि तीन गल्ल्या पलीकडच्या त्साइटलरांच्या दुकानात गेली. त्साइटलर साठी ओलांडलेले, कमरेला निळं एप्रन बांधलेले, कमी बोलणारे गृहस्थ; गावात सगळे त्यांना 'हेर', म्हणजे श्रीयुत, त्साइटलर म्हणत. हिवाळ्यात त्यांच्याकडे स्की भाड्याने मिळत. एरवी ते सायकली दुरुस्त करत. तेव्हाही एका सायकलची साखळी हातात होती. शुभदाने वाटेत दहादा घोकलेली जर्मन वाक्यं एका दमात म्हटली.

"मला ही विकायची नाही. दुरुस्तही करायची नाही. ही का उघडली नाही, ते मला बघायचंय."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग गुडघ्याच्या पट्ट्याकडे. हात पुसले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. वजन? छप्पन. उंची? एकशे सत्तावन्न. वय? एक्केचाळीस. बुटाच्या तळाची लांबी? ती तिने पावतीवरून उतरवून आणली होती. स्की कितपत येते?

"येत नाही."

भिंतीवर एक तक्ता होता. त्साइटलरांचं बोट त्यावरून आडवं गेलं, मग उभं, आणि एका चौकोनावर थांबलं. "साडेतीन." मग त्यांनी स्की वळवून कळेवरची नखाएवढी काच दाखवली. आत काटा होता साडेआठवर.

"पंच्याऐंशी किलोचा, जोरात जाणारा माणूस असेल त्याच्यासाठी हे बरोबर आहे," ते म्हणाले.

"म्हणजे कळ बिघडलेली नव्हती?"

"नाही. कळ चांगली आहे. माणूस दुसरा होता."

शुभदा त्या काचेकडे बघत राहिली. तीन महिने मनावर बसलेला दगड हलल्यासारखं वाटलं तिला. तिचा बावळटपणा नव्हता, वय नव्हतं, देशही नव्हता. काटा चुकीच्या आकड्यावर होता. तेवढंच होतं.

त्साइटलरांनी ती स्की एका यंत्राला जोडून दाखवली. यंत्र बुटाला पीळ देत गेलं आणि खट्कन बूट सुटला. शुभदा नकळत पुढे वाकली. "हे यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलं होतं?"

तिच्या तोंडून सवयीने गेलं. त्साइटलर मोठ्याने हसले. "तुम्ही काम काय करता?"

ती 'काही नाही' म्हणणार होती. पण म्हणाली, "मी स्प्रिंगा तपासते."

ऑक्टोबरात त्यांचा फोन आला. सीझनपुरतं माणूस हवं होतं.

पहिल्या हिवाळ्यात शुभदा दुकानाच्या मागच्या बाजूलाच असायची. परत आलेल्या स्की पुसायच्या, कडांना धार लावायची, तळाला मेण चढवायचं. थंड, कोरड्या बर्फाला घट्ट मेण आणि ओल्या बर्फाला मऊ, हे नाकाला वासावरूनच कळायला लागलं. पुढे ती बूट घालून द्यायला बसू लागली. बूट घालून ताठ उभं राहिलं की अंगठा पुढे टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की तो सुटला पाहिजे. हे दोन्ही होत नसेल तर बूट कितीही मऊ लागला तरी तो नको. नवशिक्याला हनुवटीएवढी स्की पुरे. आखूड आणि लवचीक स्की ऐकते, लांब आणि ताठ स्की हुकूम मागते. तिचं जर्मन अजून तोडकंमोडकं होतं, पण गुडघ्यावर बसून ती कुणाच्या पायाला हात लावायची तेव्हा बोलायला फारसं लागतही नसे.

एक गोष्ट तिच्या लवकरच ध्यानात आली. फॉर्मवर लोक खरं लिहीत नाहीत. बायका वजन कमी सांगतात आणि पुरुष आपला अनुभव वाढवून. म्हणून फॉर्म बाजूला ठेवून ती एकच विचारायची, "तुम्ही थांबता कसे?" ज्याला येतं तो लगेच पाय तिरके करून दाखवायचा. ज्याला येत नाही तो हसायचा, नाहीतर छताकडे बघायचा. त्साइटलरांनी दोन दिवस हे ऐकलं आणि तिसऱ्या दिवसापासून तेही तेच विचारू लागले.

शुभदा स्वतः मात्र बर्फावर गेली नाही. एक हिवाळा गेला, दुसरा आला. तुम्ही कुठली वापरता, असं गिऱ्हाइकाने विचारलं की ती म्हणे, "हेर त्साइटलर ही सुचवतात." खोटं नव्हतं ते. अन्वी सातवीत होती. तिच्या शाळेचं स्कीचं शिबिर जानेवारीत झालं. शुभदाने तिला बूट-स्की अगदी मापाच्या दिल्या आणि पोरगी आठवड्यात उतारावरून भुर्रकन यायला शिकली. शुभदाने तिचे व्हिडिओ पाहिले, शाबासकी दिली आणि फोन ठेवून कणीक मळायला घेतली.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी दुकानात एक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा आला. शेजारच्या गार्चिंगच्या विद्यापीठात पीएचडी करत होता. नाव प्रणव. लॅबमधली मुलं उद्या डोंगरावर निघाली होती. त्याने भिंतीवरची सगळ्यांत रुंद, लांब, झगझगीत चित्रांची जोडी उचलली आणि फॉर्मवर 'चांगली येते' या चौकोनात टिक केली. शुभदाने नेहमीप्रमाणे वजन, उंची, तळ असं सुरू केल्यावर तो फोनवर मित्राला मराठीत म्हणाला, "थांब रे, इथे एक बाई मापं-बिपं घेत बसल्यात."

"बसणारच," शुभदा वर न बघता म्हणाली. "तुझाच गुडघा आहे."

प्रणवने फोन बंद केला. "सॉरी ताई. मला काय माहीत…"

"सॉरी राहू दे. तू थांबतोस कसा, ते सांग."

त्याने हातातल्या स्कीकडे पाहिलं. मग ओशाळून म्हणाला, "पडून."

दोघंही हसले. शुभदाने ती रुंद जोडी त्याच्या हातातून घेऊन भिंतीला लावली आणि दुसरी काढली. त्याच्या हनुवटीच्या जरा खाली येणारी, अरुंद, साधी.

"ताई, ही लहान मुलांची वाटते. सगळे हसतील मला."

"हसू देत. हे बघ, पंधरा दिवसांत नवा बर्फ पडलेला नाही. आज रात्री उणे आठ आहे. उद्या सकाळी उतार कसा असेल? टणक. ती रुंद असते ना, ती उलथण्यासारखी. ताज्या, भुसभुशीत बर्फावर छान तरंगते. पण टणक बर्फात कड रुतायला हवी, तिथे सुरीच लागते. आणि सुरीसुद्धा हातात मावेल एवढी हवी."

"पण व्हिडिओत सगळे तसल्याच…"

"व्हिडिओतले लोक थांबतात कसे, ते बघितलंस का?" तिने पँटवरूनच गुडघ्यावर हात फिरवला. "मला कुणीतरी प्रेमाने दुसऱ्याच्या मापाच्या स्की दिल्या होत्या. सहा आठवडे कुबड्या घेतल्या. प्रेमाने दिल्या होत्या म्हणून लिगामेंट फाटायचं काही थांबलं नाही."

प्रणव मुकाट्याने बाकावर बसला आणि बूट काढले.

सोमवारी तो स्की परत द्यायला आला तो दारातूनच बोलत. "ताई, सहा वेळा पडलो! सहाही वेळा बूट सुटला. आणि शेवटी शेवटी वळायला लागलो, खरंच! तो आमचा वेदांत रुंदवाली घेऊन गेला होता. दिवसभर तिरका घसरत होता बिचारा." मग स्की ठेवताठेवता त्याने सहज विचारलं, "तुम्ही कुठल्या वापरता, ताई?"

नेहमीचं उत्तर जर्मनमध्ये तयार होतं. मराठीत ते तोंडातून निघेना.

"मी नाही जात," ती म्हणाली.

"कधीच?"

"त्या दिवसानंतर नाही."

प्रणवने उगीच बुटांचे पट्टे नीट केले, थँक्यू म्हणाला आणि गेला. त्याच्या मनात काही नसेलही. पण शुभदाला दिवसभर टोचत राहिलं. कारखान्यात तिच्या हाताखालची नंदिनी एकदा म्हणाली होती, 'मॅडम, तुम्ही पास केलेली स्प्रिंग असली तर मी डोळे मिटून त्या गाडीवर बसेन.' आपण मात्र आपणच पास केलेल्यावर उभं राहत नाही, हे काही शुभदाला आवडेना.

जेवताना तिने सांगून टाकलं. "मला डोंगरावर यायचंय. अन्वीबरोबर."

क्षितिजचा घास हातातच राहिला. "आणि गुडघा?"

"डॉक्टर वर्षापूर्वीच हो म्हणाल्यात. मीच म्हणत नव्हते."

"एंडलिख!" अन्वी ओरडली. एकदाची! आणि लगेच जर्मनमध्ये कुठला डोंगर, कुठली ट्रेन, कुठली लिफ्ट असं भराभर सुरू केलं. क्षितिजने घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "आल्झो, बरं. पण गर्दीच्या दिवशी नको. आणि मला दर तासाला मेसेज कर."

शुभदाने दिवस निवडला तो मार्चच्या मधला रविवार. गेले चार दिवस ती हवामान बघत होती. रात्री गोठणार, दुपारी अकरा अंश. म्हणजे सकाळी फरशी, साडेदहाच्या सुमारास वरचा थर जेमतेम मऊ आणि दोननंतर लापशी. पहाटेची ट्रेन नको, आठची पुरे. स्वतःसाठी तिने एकशे छत्तीस सेंटिमीटरची, हनुवटीएवढी स्की काढली. मऊ, फार अरुंद नाही, कारण दुपारकडे बर्फ ओला होणार होता. मऊ मेण चढवलं. कडांना धार लावली. कळेचा काटा बसवायची वेळ आली तेव्हा तिचा हात थांबला.

"हेर त्साइटलर, मी तीनवर ठेवू का? अडीचवर?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तक्ता किती म्हणतो?"

"साडेतीन. पण कमी ठेवलेलं बरं ना? लगेच सुटेल."

"वळण घेताना विनाकारण सुटली तर? तेव्हाही पडालच. जास्त आवळणं ही जशी चूक, तशी भीतीने सैल ठेवणं ही पण चूकच. तुम्हीच सांगता की हे लोकांना."

तिने साडेतीनवर बसवली. त्साइटलरांनी यंत्रावर लावून तपासली, डावी आणि उजवी, दोनदोनदा. आणि पावतीवर सही केली, एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाला देतात तशीच.

डोंगरपायथ्याच्या लेंगग्रीस स्टेशनला उतरल्यावर ऊन लख्ख होतं. नवशिक्यांच्या उतारावर चारपाच वर्षांची पोरं एकामागे एक बदकांसारखी चालली होती. शुभदाने वाकून बर्फ मुठीत घेतला. वरचा थर साखरेसारखा सुटत होता, खाली अजून घट्ट होता. हवा होता तसाच. वर ओढून नेणारा सरकता दोर पकडून ती वर गेली, वळून उभी राहिली आणि खाली बघितलं.

उतार ताटाएवढाच होता. पण तिचे पाय लाकडासारखे झाले. कानात तो तटकन आवाज पुन्हा आला. खाली अन्वी हातवारे करत होती. "पिझ्झा, माम्मा, पिझ्झा!" स्कीची टोकं जवळ, मागच्या बाजू लांब, असा पिझ्झाच्या तुकड्याचा आकार ती दाखवत होती. शुभदाला सगळं ठाऊक होतं. शंभर जणांना सांगितलं होतं. पाय हलेनात. मागून एक छोटा मुलगा तिला वळसा घालून निघून गेला. आता लिफ्टच्या माणसाला सांगावं आणि चालत खाली जावं, असं तिच्या मनात आलंही.

अन्वी पाय तिरके टाकत, चढ चढत तिच्यापर्यंत आली. धापा टाकत समोर उभी राहिली. घरात ती मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र जर्मनमध्येच द्यायची. इथे आली तेव्हा जे मराठी ती घडाघडा बोलायची, तेही आताशा तिच्या तोंडून निघत नसे. पण आता तिने एकेक शब्द शोधत म्हटलं, "आई, खाली नको बघू. माझ्याकडे बघ. मी उलटी जाते. हळू."

आणि ती खरंच उलटी, आईकडे तोंड करून, हळूहळू खाली सरकू लागली.

शुभदा लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. गुडघे वाकवले. स्की सरकल्या. तिने मागच्या बाजू रेटल्या तसा आतल्या कडांनी बर्फ धरला, खर्र आवाज आला आणि वेग कमी झाला. तिने सोडलं तर वेग वाढला, रेटलं तर घटला. सांगितलेलं ऐकत होत्या त्या! उजव्या पायावर जरा भार दिला तर डावीकडे वळल्या. अन्वीच्या पुढ्यात येऊन ती थांबली. पडून नव्हे, थांबून.

तिसऱ्या फेरीला ती पडली. वळण मोठं घेतलं, स्कीचं टोक अडकलं आणि ती सपशेल कुशीवर. खट्! उजवी स्की सुटून दोन हात लांब जाऊन पडली. गुडघा जागेवर होता. शुभदा बर्फात तशीच पडून राहिली आणि मोठमोठ्याने हसायला लागली. अन्वी घाबरून आली. आई हसतेय म्हटल्यावर तीही शेजारी बसली. वरून जाणारे लोक बघत होते. बघेनात का.

अकरा फेऱ्या झाल्या. मध्ये त्यांनी बाकावर बसून मेथीच्या पुऱ्या खाल्ल्या आणि क्षितिजला पाच मेसेज पाठवले. दोनच्या सुमाराला बर्फ जड झाला, पायाला लोंबायला लागला. अन्वीला अजून एक फेरी हवी होती. शुभदाने ठाम सांगितलं, "आता नाही. बर्फ बदलला आणि माझे पायही दमलेत. या वेळीच लोक गुडघे मोडून घेतात." अन्वीने तोंड वाकडं केलं, "माम्मा, बिट्टे!" म्हणून विनवून पाहिलं, मग निमूट आईची स्कीची एक काठी उचलून चालू लागली. ट्रेनमध्ये ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. म्युनिकचं मोठं स्टेशन आलं तरी उठेना.

त्या मोसमात शुभदा आणखी तीनदा गेली. एप्रिलमध्ये त्साइटलरांनी तिला कळा बसवण्याच्या दोन दिवसांच्या कोर्सला पाठवलं. परीक्षा जर्मनमध्ये होती, ती पास झाली. आणि पुढच्या हिवाळ्यापासून भाड्याचा विभाग तिच्यावर सोपवून ते स्वतः वर्कशॉपमध्ये रमले. दुकानाच्या दारावर त्यांनी तिचं नाव लावलं, फ्राउ टिप्निस, म्हणजे श्रीमती टिपणीस, आणि खाली कामाच्या वेळा.

नोव्हेंबरात गावच्या स्कीक्लबने शाळेच्या व्यायामशाळेत जुन्या स्कीचा बाजार भरवला. जुनं विकणारे, नवं शोधणारे, वाढत्या पायांची पोरं, अशी तोबा गर्दी. एका टेबलाशी शुभदा बसली होती, तपासणीसाठी. कुणाच्या कडा गंजलेल्या, कुणाची कळ इतकी जुनी की वापरायचीच नाही. ती स्पष्ट सांगायची, आणि मग त्याच माणसाला शेजारच्या ढिगातून दुसरी शोधून द्यायची. सत्तर वर्षांच्या एका आजींना बारा वर्षांनी पुन्हा सुरू करायचं होतं. त्यांच्याशी ती अर्धा तास बोलत बसली. रांग कुरकुरली, तिने लक्ष दिलं नाही.

आजी हलकी जोडी काखेत घेऊन गेल्या, तेव्हा तिने पुढचा नंबर पुकारला आणि मान वर केली. समोर क्षितिज उभा होता. घरी बसून दर तासाला मेसेज मागणारा. हातात क्लबचा फॉर्म होता, अर्धवट भरलेला.

"अन्वी म्हणाली, तुझ्याकडेच यावं लागेल," तो कसनुसा हसत म्हणाला. "मला काहीच येत नाही, शुभदा."

"बस," ती म्हणाली, आणि टेप काढून त्याच्या पायाशी गुडघ्यावर बसली.